केवलरामने दिलेलं मत

सौंदडच्या टेसनापासून कोसभर आत, जिथे धानाच्या बांध्या संपतात आणि जंगल सुरू होतं, तिथल्या टोलीत, म्हणजे वस्तीत, केवलरामच्या मताला वजन होतं. शेतीतल्या मताला नव्हे. त्याच्या बांधीत धानापेक्षा गवतच जोरात यायचं. पण नाटक असो, दंडारीचा खेळ असो, लग्नातला बँड असो की सरपंचाचं भाषण, ते आटोपलं की लोक वळून त्याच्याकडे बघायचे. "काय गा केवलभाऊ, कसं वाटलं?"

जवानीत बारा वर्षं तो एका नाटक मंडळीत होता. खलनायकाचं काम करायचा. पुढे पोट वाढलं, गुडघे गेले आणि मंडळीने त्याला घरी बसवलं, पण आवाज काही मंडळीने ठेवून घेतला नाही. तो आवाज घेऊन केवलराम पानठेल्यावर उभा राहायचा आणि एकेकाची हजामत करायचा. लोक पोट धरून हसायचे. ज्याची हजामत झाली तोसुद्धा हसायचा, कारण न हसून सांगतो कोणाला.

आता त्याची जी गोष्ट गावाला माहीत नव्हती ती आधीच सांगितलेली बरी.

मोहफुलं झडायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात. नाही जाळला तर पहाटे पडलेलं फूल पाल्यात हरवतं, वेचता येत नाही. हे काही केवलरामने काढलेलं नाही, बापजाद्यांपासून चालत आलं आहे. पण त्याची रीत आहे. आधी खराट्याने झाडाभोवती गोल झाडून घ्यायचं, दव असताना पेटवायचं, हातात पळसाचा ओला डगाळा, पानांसकट फांदी, घेऊन कडेने उभं राहायचं, ऊन चढायच्या आत झोडपून विझवायचं. आणि राख हाताला थंड लागत नाही तोवर जागा सोडायची नाही. सात वर्षांच्या पोरीलाही हे ठाऊक असतं.

चार वर्षांपूर्वीच्या फागुनात केवलरामला अर्जुनीकडच्या एका दंडार स्पर्धेत परीक्षक म्हणून बोलावणं आलं. नऊ वाजता जीप येणार होती. पहाटे पाला ओला म्हणून पेटेना. तो घरी आला, दाढी केली, आठ वाजता परत गेला. तोवर ऊन चांगलं चढलं होतं. पाला भुरभुर पेटला. नवीन चप्पल खराब होईल म्हणून त्याने कडेकडेने चार फटके मारले. बुंध्याजवळचं एक पडकं लाकूड धुमसत राहिलं. बायको, शामकला, म्हणाली, "अजी, हे धुपून रायलं अजून."

"विझंल आपसूक. तू चल, कुरत्याले इस्त्री कर."

दोघंही गेले. दुपारी वारा सुटला.

जंगल दोन दिवस जळत होतं. टेकडीपर्यंत गेलं. जंगलाच्या कडेला जमुनाबाईचा गोठा होता, तो तनशीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगासकट गेला आणि त्यात बांधलेला एक बैल गेला. केवलराम रात्रीच परतला होता, दुसऱ्या दिवशी सगळ्यांसोबत डगाळा घेऊन आग झोडपायलाही गेला. तिसऱ्या दिवशी जंगलखात्याचा नाकेदार पानठेल्यावर आला आणि आग कोणी लावली म्हणून विचारू लागला. कोणी बोलेना. मग नाकेदार केवलरामकडे वळला. सगळेच त्याच्याकडे वळायचे.

"साहेब, मी नाव नाही घेत कोनाचं," केवलराम म्हणाला. "पन जंगलात रोज जानारा मानूस एकच. आन त्याच्या कानावर चोवीस तास बिडी असते. हे आपलं माझं मत."

तो माणूस म्हणजे उदाराम. गावाचा गायकी. पन्नास घरांची ढोरं सकाळी जमवून जंगलात चारायला न्यायची आणि दिवस मावळता घरोघर सोडायची, हे त्याचं काम, त्याच्या बापाचंही तेच. उदारामवर केस झाली. तारखा सुरू झाल्या. त्या वर्षीच्या अक्तीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावाने गोहण, म्हणजे गावाच्या ढोरांचा कळप, त्याच्याकडून काढून परगावच्या एकाला दिलं. उदाराम कोहमाऱ्याच्या चौकातल्या एका ढाब्यावर भांडी घासायला लागला.

केवलराम त्या दिवसापासून मोहावर गेला नाही. गुडघे दुखतात म्हणायचा. शामकला एकटीच जायची. दोघांत या विषयावर चार वर्षांत एक शब्द झाला नव्हता.

आणि या वर्षी सौंदडच्या धर्मेंद्रने पिक्चर काढला.

धर्मेंद्र लग्नाचं शूटिंग करायचा. दोन सीझन त्याने नवरीच्या पाठवणीत रडणाऱ्या बायांवर कॅमेरा फिरवला आणि मधल्या रिकाम्या दिवसांत पिक्चर बनवला. नाव 'भडका झाडीचा'. यूट्यूबवर टाकायच्या आधी टोलीच्या समाजमंदिरात दाखवायचं ठरलं, कारण गोष्ट इथलीच होती. दुपारी तीन वाजता खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या, दोन कूलर लावले, भिंतीवर पांढरी चादर ताणली. अर्धे लोक कूलरसाठी आले होते.

पडद्यावर लाल अक्षरं आली. सत्य घटनेवर आधारित.

पहिला अर्धा तास केवलरामने काय पाहिलं ते त्याला सांगता आलं नसतं. पडद्यावर कुठेही झाड दिसलं की तो खुर्ची घट्ट धरायचा. हे मोहाचं तर नाही? याच्या खाली कोणी वाकलं तर नाही? कूलरचं वारं अंगावर असून त्याच्या बनियनला पाणी सुटलं. मग एक माणूस पडद्यावर आला. डोक्याला फडकं, हातात काठी, कानावर बिडी. त्याने बिडी ओढली, खदखदा हसला आणि पाल्यात फेकली. समाजमंदिरात शिट्ट्या झाल्या. "उदाराम! उदाराम होय बे तो!"

केवलरामने श्वास सोडला. खुर्ची सोडली. आणि त्यानंतर, हे खरं आहे, त्याला पिक्चर पाहायला मजा यायला लागली.

मजा येण्यासारखा होताही. आग कंप्युटरवर बनवलेली होती, एकच ज्वाळा चार ठिकाणी चिकटवलेली. जिथे कंप्युटर पुरला नाही तिथे हॅलोजनला नारिंगी पन्नी लावून मागे टायर जाळले होते. हिरोईन आगीतून धावत होती आणि मागे कोणाच्या तरी मोटारसायकलचा आरसा चमकत होता. आग विझवणारे जवान पावसाळी रेनकोट घालून आले, उन्हाळ्यात. बिबट्या एकदा मेला आणि मेल्यावर त्याने शेपूट हलवली.

पिक्चर सुटल्यावर दारात धर्मेंद्रची बायको रीता माईक घेऊन उभी. माईकला भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा बांधलेला. धर्मेंद्र मोबाईल धरून. "पब्लिकचं मत घेऊन रायलो जी. खरं खरं सांगा."

पहिली जमुनाबाई सापडली. गावात हिचाच बैल गेला होता, पण बाई रडणारी नव्हती. म्हणाली, "मले काय समजते वं? पन ते पोट्टी एवढी आगीतून आली, साडी जळली, हात जळला, तरी तोंडावरची पावडर नाही गेली. कोन्या दुकानातली होय ते सांग. आमचे त घाम आला का जाते."

मग इंद्रकुमार. याचं किराणा दुकान, आणि आठ दुधाच्या गाई. गोंदियाला माल आणायला जाऊन जाऊन याची जीभ हिंदी झालेली. "टोटल टाइमपास! स्टोरी में दम है, पर आग में दम नहीं. मैं तो बोलता हूँ अगली बार मेरे दुकान का केरोसीन ले जाव."

"आता केवलकाका! केवलकाका कोठी गेले?" रीताने विचारलं. लोकांनीच त्याला पुढे ढकललं.

केवलरामने दुपट्टा सारखा केला. लोकांचा गोल झाला. असा गोल झाला की त्याचे गुडघे दुखायचे थांबायचे.

"हे पाहा रीताबाई," तो म्हणाला. "खऱ्या आगीले भूक असते. ते खात खात समोर जाते. तुमची आग त सारा पिक्चरभर एकाच जागी उभी राहून नाचून रायली, वरातीतल्या पिलेल्या दोस्तावानी." लोक हसले. "आन वारा! वारा आला त हिरोईनचेच केस उडतेत, बाजूच्या बुवाचा शेमला हालत नाही. कूलर कोनाकडे तोंड करून ठेवला होता ते आमाले दिसून रायलं ना!" लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. "तो बिबट्या. मेला बिचारा. पन शेपूट जिता. शेपटाले पगार अलग देल्ला का धर्मेंद्रबाबू?"

धर्मेंद्रही हसत होता. मोबाईल हलत होता.

"आन काका," रीताने विचारलं, "ज्यानं बिडी फेकून आग लावली, त्या गायक्याचं काम कसं वाटलं?"

केवलरामने तोंड उघडलं. समोर समाजमंदिराच्या पायरीवर शामकला उभी होती, पदर दातात धरून. तिने त्याच्याकडे पाहिलं. 'नाही पाहिलं त्याचं काम' म्हणता आलं असतं. हसून पुढचं बोलता आलं असतं. पण गोल गरम झाला होता.

"ते एकच काम अस्सल," तो म्हणाला. "तसंच झालं होतं."

शेवटचे तीन शब्द कोणी मागितले नव्हते.

पिक्चर यूट्यूबवर पडला, तीनशे लोकांनी पाहिला. केवलरामचं मत वेगळं टाकलं होतं, 'काकाने पिक्चरची वाट लावली' म्हणून, ते आठवड्यात चाळीस हजारांनी पाहिलं. नागपूर, रायपूरकडून लोक लिहू लागले. काका एक नंबर. काकाले हिरो करा. काही जणांनी लिहिलं, तो गायकी खरा आहे का? त्याला फाशी द्या. गावातल्याच कोणीतरी खाली उदारामचं नाव टाकलं.

आठ दिवस केवलराम फुगून होता. पानठेल्यावर परक्या गावची पोट्टी येऊन फोटो काढायची. घरी शामकला ताट वाढायची आणि घरामागच्या सांदवाडीत निघून जायची. भाकर गार असायची. त्याने विचारलं नाही.

गावात दुसरंच शिजत होतं. परगावचा गायकी आळशी निघाला होता. ढोरं चोरखमाऱ्याच्या नहराकडे, म्हणजे कालव्याकडे, सोडून झाडाखाली झोपायचा. ढोरं लोकांच्या लाखोरीच्या पिकात शिरायची, भांडणं व्हायची. म्हणून यंदाच्या अक्तीला गोहण पुन्हा उदारामला द्यावं असं बायाबायांत चाललं होतं, आणि चालवणारी जमुनाबाईच होती. "माझा बैल गेला, मी बोलून रायली ना?" ती म्हणायची. "चार वर्सं झाली. मानूस भांडे घासून घासून सडला. ढोरं त त्यालेच समजतेत." तिने उदारामकडे निरोपही पाठवला होता की अक्तीला ये.

मग ते मत चाळीस हजारांनी पाहिलं. इंद्रकुमार दुकानात बसून सांगू लागला, "अब तो सारी दुनिया ने देख लिया. केवलभाऊ खुद बोले, वैसाच हुआ था. रिस्क कोन लेगा भाऊ?" बायाबायांतलं बोलणं थंडावलं. जमुनाबाईसुद्धा म्हणाली, "केवलराम म्हनते त पाहिलं असन त्यानं."

हे केवलरामच्या कानावर आलं. त्याने ऐकलं नाही असं केलं.

एप्रिलच्या मधल्या हप्त्यात तो फवारणीच्या पंपाचा वायसर आणायला कोहमाऱ्याला गेला. चहाला ढाब्यावर बसला. उदाराम ज्या ढाब्यावर होता तो दुसरा, असं त्याला वाटलं होतं. बाजूच्या बाजेवर दोन ट्रकवाले होते. त्यातल्या एकाने त्याला ओळखलं. "अरे, शेपटीवाले काका!" आणि मोबाईल लावला, पूर्ण आवाजात. ढाबाभर केवलरामचा आवाज घुमला. शेपटाले पगार अलग देल्ला का. ते एकच काम अस्सल. तसंच झालं होतं.

मागून पाण्याची बादली घेऊन उदाराम आला. चार वर्षांत माणूस अर्धा झाला होता. हातांची कातडी साबणाने पांढरी पडलेली. कानावर बिडी नव्हती.

"केवलभाऊ! बसा ना जी. जेवता का चहा?"

"चहाच," केवलराम म्हणाला.

उदाराम फडक्याने टेबल पुसू लागला. पुसलेलंच परत पुसत राहिला. ट्रकवाले मोबाईलमध्ये दुसरं काही पाहायला लागले होते.

"मी बी पाहलं तुमचं," उदाराम हळू म्हणाला. "अठीच्या पोट्टेयनं दाखवलं. तुमी बोलता मस्त. पयल्यापासूनच." मग थोडा वाकला. "एक गोठ विचारू का? राग नोको धरजा."

"विचार ना."

"तुमी म्हनलं, तसंच झालं होतं. म्हंजे तुमी मले पाहलं होतं का? बिडी फेकताना?"

केवलरामने ट्रकवाल्यांकडे पाहिलं.

"काऊन का मले आता याद नाही येऊन रायली," उदाराम म्हणाला. "सुरुवातीले मी सांगत होतो, साहेब, मी त त्या दिवशी ढोरं नाल्याकडे नेल्ली होती, तिकडे गेलोच नाही. पन इतक्यांदा विचारलं, इतक्यांदा विचारलं, का आता मलेच वाटते का फेकली असन. बिडी सोडली मी. तरी त्या बैलाचं हंबरनं येते कानात. तुमी पाहलं असन त सांगून टाका, भाऊ. मंग मी बी मानून घेतो, मनाचा घोर जाते."

रागावला असता उदाराम, शिव्या दिल्या असत्या, तर केवलरामला सोपं होतं. शिव्यांना उत्तर देता येतं.

"याद नाही गा मले," तो म्हणाला आणि उठला. चहा तसाच राहिला. वायसर न घेताच तो परतला.

घरी येऊन त्याने धर्मेंद्रला फोन लावला. "कॅमेरा घेऊन ये. मले दुसरं मत द्याचं हाये."

धर्मेंद्र आणि रीता तासाभरात हजर. अंगणात कडुनिंबाखाली खुर्ची टाकली. केवलराम बोलला. पाला मी जाळला. राख थंड होऊ दिली नाही. उदारामचं नाव मीच पुढे केलं. बोलता बोलता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि आवाज चढला, थरथरला, नको तिथे थांबला आणि हवा तिथे फुटला. सवयीचा आवाज तो. संपलं तेव्हा रीताने टाळ्या वाजवल्या.

"काका, एका टेकमध्ये!" धर्मेंद्र म्हणाला. "काय ॲक्टिंग हाये बाप्पा! पिक्चरमध्ये तुमालेच घ्याले पाहिजे होतं."

"ॲक्टिंग नाही होय गा. खरं सांगून रायलो."

"हो हो, तसंच ठेवतो. खालून म्यूझिक टाकतो."

म्यूझिक टाकलं. बासरीचं. लोकांनी लिहिलं, काकाने रडवलं. कोणती मंडळी? तिकीट कुठे मिळेल? एकाने लिहिलं, थोडी ओव्हरॲक्टिंग झाली पण चालतं.

आणि केवलरामला काय वाटलं? हलकं वाटलं. पहिल्या रात्री घोरत झोपला. आपण सांगितलं, लोकांनी मानलं नाही, आता आपला काय दोष? सकाळी चहा पिताना ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली, की आपण सांगूनही टाकलं आणि सुटूनही गेलो, आणि आपल्याला बरं वाटून राहिलं आहे. त्याने कप खाली ठेवला.

शामकला सांदवाडीतून मोहफुलांचं टोपलं घेऊन आली. वाळत घालता घालता, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "कॅमेऱ्याले सांगतलं. उदारामले सांगतलं का?"

या विषयावरचं चार वर्षांतलं पहिलं वाक्य.

"तू बी त होतीस," तो म्हणाला.

"होती ना. म्हनून त विचारून रायली."

अक्तीच्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर ढोरंवाले जमले. दर सालची रीत, नवीन सालाचा गायकी ठरला की नारळ फोडायचा आणि काठी त्याच्या हाती द्यायची. पुरुष पारावर, बाया कडेला. उदाराम आला होता. त्याला कोणी येऊ नको असं कळवलं नव्हतं. धुतलेला पायजामा, तेल लावलेले केस. बोरिंगजवळ उभा राहिला, लांब.

इंद्रकुमारने सुरुवात केली. "देखो, पुराना आदमी आया है, अच्छी बात है. पर वीडियो सबने देखा. मेरी तो आठ गाय हैं." जमुनाबाईने जमिनीकडे पाहिलं. कोणीतरी परगावच्याच गायक्याला एक साल अजून ठेवू म्हणालं.

केवलराम उठला.

"थांबा. मले बोलाचं हाये."

लगेच चारपाच मोबाईल वर झाले. ते पाहून त्याचा आवाज आपोआप पोटातून आला, "गावकरी हो!" आणि त्याला स्वतःच्या आवाजाची ओकारी आली. तो थांबला. पुन्हा बोलला तेव्हा आवाज इतका लहान होता की मागच्यांना ऐकू गेला नाही.

"जोरात बोला ना काका!"

"टेकडीच्या अलीकडचा मोह," केवलराम म्हणाला, तेवढ्याच लहान आवाजात. "आमच्या वाट्याचा. आठ वाजता पेटवला मी, ऊन चढल्यावर. एक लाकूड धुपत होतं. जीप आली म्हनून गेलो. नाकेदाराले उदारामचं नाव मी सुचवलं. पानठेल्यावर. तुमी पाचसात जन होते तठी."

"वा! वीडियोवाला डायलॉग!" इंद्रकुमार म्हणाला. दोघंतिघं हसले. एकाने शिट्टी मारली.

केवलराम उभाच. खरं बोलायला त्याच्याजवळ जो आवाज होता तो सगळा त्याने वापरून टाकलेला होता.

बायांच्या बाजूने शामकला पुढे आली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "नाटक नाही होय हे. मी संगं होती. मी म्हनलं होतं धुपून रायलं, आन मी बी आली घरी. कुरत्याले इस्त्री केली."

इस्त्रीचं ऐकून हसणारे थांबले. असलं कोणी नाटकात लिहीत नाही. मोबाईल एकेक करून खाली आले.

जमुनाबाई उठली. हळूहळू चालत केवलरामसमोर आली. ती त्याच्यापेक्षा हातभर बुटकी.

"माझ्या बैलाले पुराले तू आला होतास, केवलराम," ती म्हणाली. "खड्डा तूच खनला होतास. उन्हात. मी तुले ताक देलं."

"हो."

"तवा मालूम होतं तुले?"

"हो."

ती त्याच्या पायाजवळ थुंकली आणि आपल्या जागी जाऊन बसली. केवलरामने पाय मागे घेतला नाही. चार वर्षांत त्याने स्वतःला शंभरदा मनातल्या मनात मारून पाहिलं होतं, चोर म्हणून, भित्रा म्हणून. ते ताक मात्र त्याला कधी आठवलं नव्हतं. आत्ता त्याची चव तोंडात आली, मिठाची आणि जिऱ्याची.

उदाराम बोरिंगजवळून पुढे आला होता. पाराच्या खाली उभा राहून त्याने विचारलं, "म्हंजे माझी बिडी नाही होय?"

"नाही."

"पक्कं?"

"तू त तिकडे गेलाच नव्हतास, उदाराम. तू नाल्याकडे होतास."

"हेच म्हनत होतो मी," उदाराम म्हणाला. केवलरामला नव्हे, कोणालाच नव्हे. "सुरुवातीले मी हेच म्हनत होतो." आणि पाराच्या कडेला मटकन बसला. कोणी पाणी आणून दिलं ते प्यायला.

नारळ जमुनाबाईनेच पुढे केला. इंद्रकुमार आता मोठ्याने म्हणत होता, मी तर आधीपासूनच म्हणत होतो. काठी उदारामच्या हातात दिली. त्याने ती जमिनीवर दोनदा टेकवून पाहिली, मग घरागणिक ढोरं विचारू लागला, कोणाची किती, कोणती मारकी, कोणती गाभण. सगळी विचारून झाली. केवलरामचं घर राहिलं.

"एक बैलजोडी आन एक गाय," केवलराम आपणहून म्हणाला.

उदारामने त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता. भाजीवाला सडका टमाटर बाजूला काढताना पाहतो तसं पाहिलं.

"तुमचे ढोरं मी नाही नेत, केवलभाऊ. तुमचे तुमी चारा."

लोक धोतरं झटकत उठले.

दुसऱ्या दिवशी केवलराम जंगलखात्याच्या नाक्यावर गेला. जुना नाकेदार बदलून गेला होता. नवीन पोरगा होता, त्याने बयान लिहून घेतलं, अंगठा की सही विचारलं, आणि पुढे काय होईल ते तारखेवर कळेल म्हणाला. परत येताना पानठेला लागला. चारपाच जण धर्मेंद्रच्या पिक्चरवर बोलत होते. तो येताना दिसला तसे गप्प झाले. कोणी विचारलं नाही, केवलभाऊ, कसं वाटलं. तो पुढे निघून गेला.

आता सकाळी उदाराम हाळी देत गल्लीतून निघतो. दारादारांतून ढोरं सुटतात, घंट्या वाजतात, धूळ उडते. केवलराम ती सगळी पुढे जाऊ देतो. मग आपली तीन सोडतो आणि गुडघे धरत दुसऱ्या बाजूने, नहराकडे नेतो. बैलांचं काही नाही. गाय मात्र रोज चौकात अडते. मान गोहणाकडे वळवून हंबरते, सगळी ताकद लावून तिकडे ओढते. केवलराम दोन्ही हातांनी दावं धरून उभा राहतो, तळव्यांना काच पडेपर्यंत, आणि उंबरठ्यावरून बाया बघत असतात.